हॅम रेडिओवरून बिटकॉइनचा निरोप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फेब्रुवारी २०१९मध्ये टोरांटो आणि सॅन फ्रान्सिस्कोमधल्या दोन हौशी (हॅम) रेडिओ केंद्रांनी ४० मीटरच्या बँडवरून (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा), जेएस८कॉल हे दुबळ्या सिग्नलवरही मजकूर पाठवणारं सॉफ्टवेअर वापरून, बिटकॉइनचा एक व्यवहार पोचवला. तेव्हापासून हा विषय क्रिप्टोवाल्यांच्या आणि हॅमवाल्यांच्या गप्पांत सतत येतो. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सही केलेला बिटकॉइन व्यवहार हॅम बँडवरून पाठवला तर नियम मोडतो का? त्यात क्रिप्टोग्राफी असते, म्हणजे तो गुप्त संदेश ठरतो ना? (वाशी)

गुप्तता आणि पैसा हे इथे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत, आणि अडचण आहे ती दुसऱ्यात.

सही केलेला व्यवहार गुप्त नसतो. कुठला जुना आउटपुट (आधी मिळालेली रक्कम) खर्च होतोय, कुठल्या पत्त्यावर किती जातंय, हे सगळं त्यात उघड असतं. सही फक्त एवढंच सिद्ध करते की खर्च करणाऱ्याकडे खाजगी किल्ली (खर्चाचा हक्क देणारा गुप्त आकडा) आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांचं कलम २५ सांगतं की दोन देशांतल्या हौशी केंद्रांमधलं प्रसारण अर्थ लपवण्याच्या हेतूनं सांकेतिक केलेलं नसावं. हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांत) लिहिलेला व्यवहार कोणीही उलगडून वाचू शकतो, त्यामुळे या कसोटीला तो उतरतो. स्वरूप कुठलं आहे ते संदेशाच्या सुरुवातीलाच साध्या शब्दांत सांगावं. ऐकणाऱ्याला शंका उरत नाही.

आता पैशाचा मुद्दा. हौशी सेवेची व्याख्याच ‘आर्थिक स्वार्थाविना’ अशी आहे. आपल्याकडच्या १९७८च्या हौशी सेवा नियमांतही जाहिराती आणि धंद्याचे निरोप वर्ज्य आहेत. खऱ्या बिटकॉइनचं हस्तांतर म्हणजे मोबदल्याचा व्यवहार. तो हॅम बँडवर नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. मित्राचा व्यवहार परदेशी केंद्राकडे पोचवणं तर त्याहून अयोग्य : तिसऱ्या व्यक्तीचे आंतरराष्ट्रीय निरोप हौशी केंद्रानं फक्त आणीबाणीत आणि आपत्तीत न्यायचे असतात. भावांचे आकडे, ‘विकत घ्या’ छापाचे निरोप, एक्स्चेंजच्या ऑर्डरी हेही नाही.

मग उरतं काय? बरंच काही. ‘सिग्नेट’ या चाचणी-जाळ्यावरच्या नाण्यांना बाजारात किंमत नाही, पण व्यवहाराची रचना, सही, तपासणी सगळं खऱ्यासारखंच असतं. सिग्नेटचा व्यवहार हवेतून पाठवणं हा शुद्ध तांत्रिक प्रयोग आहे. ब्लॉकचा (व्यवहारांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक आणि शीर्षक पाठवणंही तसंच. शीर्षक फक्त ८० बाइटचं असतं. त्यावर दोनदा एसएचए-२५६ हे गणिती सूत्र चालवलं की ब्लॉकचा हॅश (ओळखीचा ठसा) निघतो, आणि पुढच्या शीर्षकात हाच हॅश लिहिलेला असतो. म्हणजे इंटरनेट नसलेला ऐकणारासुद्धा आलेली शीर्षकं एकमेकांत गुंफून साखळी सलग आहे का हे स्वतः पडताळू शकतो. आमच्या मते हॅम रेडिओवर करण्यासारखं सगळ्यात सुंदर काम हेच आहे. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे ११,५२० बाइट होतात. सगळी शीर्षकं पाठवायच्या फंदात पडू नका. सलग तीन-चार पाठवलीत तरी पडताळणीचा प्रयोग पुरा होतो.

प्रश्न : घोडबंदर रोडला सोसायटीत राहतो. व्हीयू३ कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) आहे. जेएस८कॉलसाठी काय सामान लागेल आणि जोडणी कशी करू? (ठाणे पश्चिम)

आधी तुमच्या परवान्यात कुठले बँड, किती वॉट आणि कुठले प्रसारण प्रकार लिहिले आहेत ते वाचा आणि त्याच चौकटीत राहा. जेएस८ला ताकद फार लागतही नाही. १० ते २० वॉट भरपूर होतात.

ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा रेडिओ) एसएसबीचा, म्हणजे एकाच साइडबँडवर चालणारा, हवा. आयकॉम ७३००मध्ये साउंड कार्ड आतच असतं, एका यूएसबी केबलवर काम होतं. शिगू जी९० किंवा हैदराबादच्या एचएफ सिग्नल्सचा यूबिटएक्स घेतलात तर बाहेरून यूएसबी साउंड कार्ड लागेल. ऑडिओच्या दोन्ही वाटांवर ६०० ओहमचे एकास-एक ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीसाठी (प्रसारण चालू-बंद करण्यासाठी) एक ऑप्टोकपलर घाला. लॅमिंग्टन रोडला हे सुटे भाग सहज मिळतात. ट्रान्सफॉर्मर गाळून थेट केबल जोडली की लॅपटॉपच्या चार्जरची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते.

अँटेना म्हणून ४० मीटरचा उलटा व्ही डायपोल. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. प्रत्येक हात १०.४ मीटर कापा, मग दोन्हीकडून सारखं छाटत ७.०७८ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या ताकदीचं माप) दीडच्या खाली आणा. वायरवर पीव्हीसीचं आवरण असल्यामुळे अंतिम लांबी १० मीटरच्याही आत जाऊ शकते. मधला बिंदू पाण्याच्या टाकीच्या वर, आणि दोन्ही टोकं कोणाचा हात पोचणार नाही इतकी उंच; प्रसारणाच्या वेळी टोकांवर मोठा व्होल्टेज असतो. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. पावसाळ्याआधी सांध्यांवर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप गुंडाळा, नाहीतर कोअॅक्समध्ये पाणी उतरतं आणि महिन्याभरात एसडब्ल्यूआर बिघडतो. आरजी-५८ केबल ७ मेगाहर्ट्झला ३० मीटरमागे साधारण सव्वा डेसिबल खाते. एवढं चालतं, महाग केबलची गरज नाही. फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जुळते तिथे) एफटी२४०-३१ कोअरवर (फेराइटच्या कड्यावर) त्याच केबलचे १० ते १२ वेढे घालून चोक करा. हा टाळू नका : प्रसारण सुरू होताच यूएसबी तुटणं, माउस गोठणं या तक्रारींमागे बहुतेक वेळा केबलच्या बाहेरच्या आवरणावरून घरात येणारी आरएफ, म्हणजे रेडिओ लहरच असते.

आता मांडणी. ७ मेगाहर्ट्झला बोलण्यासाठी एलएसबी (खालचा साइडबँड) वापरतात, पण जेएस८ नेहमी यूएसबीवर, म्हणजे वरच्या साइडबँडवर. डायल ७.०७८. स्पीच प्रोसेसर बंद, नॉइज ब्लँकर बंद, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय) जलद. प्रसारणाचा ऑडिओ शून्यातून हळूहळू वाढवा आणि एएलसीचा (ताकद आपोआप रोखणाऱ्या सोयीचा) काटा हलायला लागला की किंचित मागे या. एएलसी चढलेला असेल तर पडद्यावर तुमच्या एका रेषेच्या आजूबाजूला भुतं दिसतात आणि शेजारच्यांचे निरोप मरतात. वॉट कमी करायचे असतील तर रेडिओवरच्या पॉवरच्या बटणानं करा. आणि लक्षात घ्या, १५ सेकंदांतले जवळपास पावणेतेरा सेकंद रेडिओ पूर्ण ताकदीनं चालू असतो. १०० वॉटच्या रेडिओलाही ३०च्या वर नेऊ नका.

घड्याळ! पडद्यावर रेषा छान दिसतात पण अक्षर एकही उमटत नाही, याचं पहिलं कारण घड्याळच. दोन सेकंदांच्या आत जुळायला हवं, अर्ध्या सेकंदात असेल तर उत्तम. इंटरनेट असताना एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय) पुरतं. मुळात हा सगळा खटाटोप इंटरनेट नसतानाचा आहे, म्हणून यूएसबी जीपीएस जवळ ठेवा. तेही नसेल तर जेएस८कॉलमधली घड्याळ सरकवायची सोय वापरून ऐकू येणाऱ्या केंद्रांशी जुळवून घ्या.

गोंगाटाचं म्हणाल तर घोडबंदरच्या उंच इमारतींत लिफ्टचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी यंत्रं), जिन्यातले एलईडी दिवे, गच्चीवरचे सौर इन्व्हर्टर आणि पार्किंगमधले गाड्यांचे चार्जर ७ मेगाहर्ट्झला भरपूर कचरा करतात. रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा. गोंगाट उतरला तर दोषी तुमच्याच घरात आहे. नाही उतरला तर अँटेना लिफ्टच्या खोलीपासून जमेल तितकी दूर न्या.

प्रश्न : सिग्नेटचा व्यवहार कोल्हापूरच्या मित्राला जेएस८कॉलवरून पाठवला. दोघांचा सिग्नल चांगला, तरी त्याच्याकडे उलगडत नाही. काय चुकतंय? (नेरूळ)

तुम्ही व्यवहार बेस६४मध्ये (अक्षरं-आकड्यांच्या ६४ चिन्हांत) पाठवला असावा, अशी दाट शंका आहे. जेएस८कॉल सगळा मजकूर मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) नेतो. बेस६४मध्ये लहान आणि मोठं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे निरोप एकही फ्रेम (एका खेपेत जाणारा भाग) न चुकता पोचला तरी निरर्थक होतो. हेक्स वापरा.

हाच नियम पत्त्यांना लागू होतो. १ किंवा ३नं सुरू होणारे जुने पत्ते बेस५८चे आहेत, त्यातही लहान आणि मोठं अक्षर वेगळं असतं. मोठ्या लिपीत गेले की संपले. बीसी१नं (सिग्नेटवर टीबी१नं) सुरू होणारे बेक३२ पत्ते मात्र संपूर्ण लहान किंवा संपूर्ण मोठ्या लिपीत चालतात, फक्त मिसळलेले चालत नाहीत. शिवाय बेक३२च्या तपासणी-अक्षरांमुळे चार चुकांपर्यंत हमखास पकडल्या जातात. रेडिओसाठीच बेतल्यासारखी ही रचना आहे. इथेरियमचा पत्ता हेक्स असला तरी त्याची तपासणी लहान-मोठ्या लिपीतच दडलेली असते. मोठ्या लिपीत पत्ता पोचतो, तपासणी हरवते.

हेक्स केल्यावरही अडलं तर कारण लांबीत आहे. एक इनपुट, दोन आउटपुटचा साधा सेगविट (सह्यांचा भाग वेगळा ठेवणारा) व्यवहार साधारण २२२ बाइटचा, म्हणजे ४४४ हेक्स अक्षरांचा. जेएस८च्या एका फ्रेममध्ये मजकुराचे ७२ बिट मावतात. २२२ बाइटचे १,७७६ बिट. अगदी आदर्श भरणी धरली तरी २५ फ्रेम, म्हणजे साध्या गतीनं सव्वासहा मिनिटं. हेक्सला प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच जास्त फ्रेम लागतात, कारण जेएस८ची भरणी इंग्रजी शब्दांसाठी बेतलेली आहे. आता हिशेब बघा : प्रत्येक फ्रेम पोचण्याची शक्यता ९५ टक्के धरली तर सलग २५ फ्रेम बिनचूक पोचण्याची शक्यता जेमतेम २८ टक्के, आणि ५० फ्रेमची ८ टक्क्यांच्याही खाली. सिग्नल ‘चांगला’ असूनही अख्खा व्यवहार जात नाही तो यामुळे. त्यातच तुम्ही तो एमएसजी (समोरच्याच्या पेटीत निरोप ठेवणाऱ्या) आदेशानं पाठवत असाल तर एक फ्रेम हरवताच तपासणी-बेरीज जुळत नाही आणि निरोप पेटीत जातच नाही.

उपाय असा. हेक्सचे २०-२० अक्षरांचे तुकडे करा. ४४४ अक्षरांचे २३ तुकडे होतात. प्रत्येकाच्या पुढे क्रमांक, शेवटी दोन अक्षरांची तपासणी : तुकड्यातल्या दहा बाइटांची बेरीज २५६नं भागून उरलेली बाकी, हेक्समध्ये. पाच तुकडे झाले की थांबा आणि समोरच्याला हरवलेले क्रमांक विचारा. तुकड्याच्या आत जागा सोडू नका, त्यात हवेतला वेळ जातो. सगळं जमल्यावर मित्रानं बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरमध्ये डीकोडरॉट्रान्झॅक्शन हा आदेश चालवावा, आणि दोघांनी ‘हॅश’ या ओळीची पहिली आठ अक्षरं ताडून बघावीत. टीएक्सआयडीची (व्यवहाराच्या ओळख-क्रमांकाची) ओळ ताडू नका. सेगविटमध्ये तिच्यात सह्यांचा भाग धरला जात नाही, त्यामुळे सहीतला एखादा बिट बिघडला तरी ती जुळलेलीच दिसते. मग टेस्टमेमपूलअ‍ॅक्सेप्ट, आणि जाळं हा व्यवहार स्वीकारेल का ते सांगणाऱ्या या आदेशाचा होकार आला तरच पुढे जाळ्यावर प्रसारण.

घाई करायची म्हणून टर्बो गती निवडली तर फ्रेम ६ सेकंदांची होते, पण साधी गती गोंगाटाखाली २४ डेसिबलपर्यंत वाचते तिथे टर्बो १८लाच हात टेकतो. बँडविड्थही ५० हर्ट्झऐवजी १६० लागते. दुपारी सिग्नल दणदणीत असेल तेव्हा टर्बो वापरा.

सिग्नल कानाला स्वच्छ ऐकू येत असेल तर आमची पसंती वेगळीच आहे : एफएलडिजी आणि एफएलअँप ही सॉफ्टवेअरं, एमएफएसके३२ मोडमध्ये. एफएलअँप फाइलचे क्रमांकित ठोकळे करतं, प्रत्येकाला तपासणी लावतं, आणि समोरच्याकडे कुठले ठोकळे आले नाहीत त्याची यादी तयार देतं. तेवढेच पुन्हा पाठवायचे. लहान-मोठी लिपी जपली जाते, म्हणून बेस६४ चालतं : २२२ बाइटची २९६ अक्षरं. ठोकळा ६४ अक्षरांचा ठेवलात तर अख्खा व्यवहार दोन मिनिटांच्या आत जातो. ज्या कामासाठी जेएस८ला अर्धा तास घासावं लागतं ते काम इथे होतं. जेएस८ छोट्या निरोपांसाठी आणि दुबळ्या सिग्नलसाठी आहे. त्याच्याकडून फाइल वाहून घेऊ नये.

प्रश्न : वॉलेटचे बारा शब्द भावाला रेडिओवरून कळवले तर? (डोंबिवली)

कधीही नाही. हे शब्द म्हणजे वॉलेटची किल्लीच. तुकडे करूनही नाही, उलट क्रमानंही नाही. हॅम बँडवर लपवून पाठवणं नियमात बसत नाही, आणि उघड पाठवलेलं कोण नोंदवून ठेवतंय ते कळायला मार्ग नसतो. तुमचा खरा बिटकॉइन पत्ताही कॉलसाइनसोबत हवेत सोडू नका. नाव, गाव आणि शिल्लक यांची गाठ कायमची बसते.

प्रश्न : ४० मीटरवर नागपूर येतं, पण कळव्याहून बेलापूरचा मित्र अधूनमधूनच सापडतो. एवढं जवळ असून असं का? (कळवा)

तुमच्या दोघांच्या मध्ये पारसिकचा डोंगर आहे, त्यामुळे जमिनीलगतची लाट दुबळी पडते. वर जाऊन परत येणारी लाट मिळते, पण आयनमंडळाची क्रांतिक वारंवारता (सरळ वर गेलेली लाट जिथवर परत येते ती मर्यादा) ७ मेगाहर्ट्झच्या वर असेल तेव्हाच. ती सहसा दुपारी असते, संध्याकाळनंतर उतरते आणि जवळची केंद्रं गायब होतात. म्हणून भेट दुपारी बाराच्या पुढे ठरवा आणि डायपोल सहा-आठ मीटरवरच ठेवा. सरळ वर फेकायला कमी उंची बरी. नाहीतर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या एफएम हँडसेटवर एफएलडिजीचा एमटी६३-२०००एल मोड लावा. त्यात चुका दुरुस्त करायची इतकी सोय आहे की लॅपटॉपचा स्पीकर हँडसेटच्या माइकसमोर धरूनही निरोप जातो. डोंगरामुळे हँडसेटही अडलाच तर दोघांनाही दिसेल अशा उंच इमारतीवरच्या तिसऱ्या हॅमला मध्ये घ्या.

प्रश्न : परवाना नसताना खाडीपलीकडे खरा व्यवहार पाठवायचा आहे. मेशटॅस्टिक चालेल का? (ऐरोली)

चालेल. मेशटॅस्टिक म्हणजे एकमेकांचे निरोप पुढे पोचवणाऱ्या छोट्या रेडिओंचं जाळं; खऱ्या पैशासाठी हाच मार्ग योग्य. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे : प्रेषकाची ताकद १ वॉट, अँटेनासह ४ वॉट, बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ. हा हौशी पट्टा नाही, त्यामुळे एन्क्रिप्शनलाही अडकाठी नाही.

उपकरण ८६८ असं लिहिलेलंच घ्या. ४३३ आणि ९१५चे स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. एसएक्स१२६२ चिप २२ डीबीएम, म्हणजे साधारण १६० मिलिवॉट देते. अँटेना न लावता चालू करू नका, चिप जळू शकते. प्रदेश ‘आयएन’ निवडा. एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते : मूळ मांडणीतला लाँगफास्ट हा मोड २५० किलोहर्ट्झ रुंद आहे, म्हणजे २००च्या मर्यादेबाहेर. लाँगमॉडरेट १२५चा आहे, तो घ्या. दोन्ही टोकांना तीच मांडणी हवी, नाहीतर एकमेकांचा पत्ताही लागत नाही. मूळ चॅनेलची किल्ली सगळ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून स्वतःची नवी किल्ली तयार करून ती प्रत्यक्ष भेटीत द्या. ‘हॅम’ मोड लावू नका. तो एन्क्रिप्शन बंद करतो.

ऐरोलीहून कोपरीच्या बाजूला खाडीवरून दृष्टिरेषा मिळते. पाच किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची (दृष्टिरेषेभोवती लाटेला लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे २१ मीटर, आणि त्यातलं ६० टक्के मोकळं हवं. म्हणजे दृष्टिरेषा खारफुटीच्या शेंड्यांपासून किमान साडेबारा मीटर वर. दोन्हीकडे पाचव्या-सहाव्या मजल्याची खिडकी समोरासमोर असेल तर काम होतं. येऊरच्या पायथ्याला, इमारतींच्या मागे असलेल्या घरातून होणार नाही. गच्चीवर न्यायचं तर अख्खं उपकरण न्या, लांब केबल नको : ७ मेगाहर्ट्झला चालणारी आरजी-५८ या वारंवारतेला ३० मीटरमध्ये जवळजवळ सगळाच सिग्नल गिळते.

व्यवहार बेस६४मध्ये, दीडशे-दीडशे अक्षरांच्या दोन संदेशांत पाठवा. लाँगमॉडरेटवर असा एक संदेश पाच सेकंदांहून जास्त हवा व्यापतो आणि वाटेतला प्रत्येक नोड तो पुन्हा बोलतो, म्हणून दोन संदेशांत अर्धा मिनिट जाऊ द्या आणि उड्यांची मर्यादा तीनच ठेवा. पलीकडच्यानं सेंडरॉट्रान्झॅक्शन (व्यवहार जाळ्यावर सोडणारा आदेश) केल्यावर टीएक्सआयडी परत मागून घ्या. करांचे नियम मार्ग बदलल्यानं बदलत नाहीत. इंटरनेटवरून केलेल्या व्यवहाराची जशी नोंद ठेवता तशीच याचीही ठेवा.

प्रश्न : परीक्षेचा अर्ज भरला आहे. तोवर सराव कसा करू? (कोपरखैरणे)

किवीएसडीआर या सार्वजनिक रिसीव्हरांपैकी एखादा ब्राउझरमध्ये उघडा. १४.०७८ मेगाहर्ट्झ, यूएसबी साइडबँड, गाळणी ३०० ते २७०० हर्ट्झ. व्हर्च्युअल ऑडिओ केबलचं सॉफ्टवेअर टाकून ब्राउझरचा आवाज जेएस८कॉलच्या इनपुटला जोडा. इंटरनेटमुळे आवाज एक-दोन सेकंद उशिरा येतो, म्हणून काही उलगडलं नाही तर जेएस८कॉलमधलं घड्याळ तेवढं मागे घ्या. युरोपातला रिसीव्हर निवडलात तर आपल्या संध्याकाळी २० मीटरवर वर्दळ असते. कोण कोणाला एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) विचारतं, निरोप तिसऱ्यामार्फत कसा जातो, हार्टबीट (‘मी इथे आहे’ असा ठरावीक निरोप) ५०० ते १००० हर्ट्झच्या पट्टीतच का ठेवतात, हे ऐकून पटकन अंगवळणी पडतं. सोबतीला सिग्नेटचं वॉलेट उघडून व्यवहाराचे २३ तुकडे हातानं करून बघा, आणि त्यातला एक तुकडा मुद्दाम बिघडवून तपासणी तो पकडते का तेही पाहा.